डब्याची परीक्षा

डबा पास झाला, तर धुरंधरच्या पदरात पडणार होतं ते असं: कारखान्यामागची पत्र्याची शेड, तिच्या कुलूप-किल्लीसकट, सासूबाईंच्या तोंडून ‘डबा’ऐवजी ‘यंत्र’ हा शब्द, तोही चारचौघांत, आणि जेवताना मान वर करून बसण्याची सोय. नापास झाला तर एकच गोष्ट मिळणार होती. फर्निचरच्या शोरूममधली गोल फिरती खुर्ची आणि गळ्यात टाय.

त्या खुर्चीवर तो मागे तीन दिवस बसून आला होता. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कपाट टिकेल ना?" धुरंधरनं खरं उत्तर दिलं. म्हणाला, पुढची बाजू टिकेल, पण मागच्या फळीवर तुमच्याआधी वाळवीचा डोळा आहे. गिऱ्हाइकानं त्याचे मनापासून आभार मानले आणि समोरच्या दुकानातून कपाट नेलं.

"जावईबापू," सासूबाई त्या संध्याकाळी म्हणाल्या होत्या, "तुम्ही खरं बोलता हे चांगलंच आहे. पण दुकानाच्या बाहेर बोलत जा."

कारखाना सासूबाईंचा. कपाटं, टेबलं, दारं. लाकूड घासायची चार यंत्रं दिवसभर घरघरत आणि त्यांतून पिठासारखी भुकटी उडे. ती पकडायला धुरंधरनं दीड पुरुष उंचीचा पत्र्याचा डबा केला होता. पंखा हवा ओढायचा, हवा डब्यातल्या सोळा लांबलचक कापडी पिशव्यांतून जायची, भुकटी पिशव्यांत अडकायची आणि स्वच्छ हवा छपरावरच्या धुराड्यातून बाहेर पडायची. आठ महिने डबा बिनतक्रार चालला होता. पॉलिशवाले काका, जे या कारखान्यात सासूबाईंच्याही आधीपासून होते आणि शिंकांसाठी चार गल्ल्यांत प्रसिद्ध होते, ते आठ महिन्यांत फक्त दोनदा शिंकले होते. धुरंधरनं दोन्ही तारखा लिहून ठेवल्या होत्या.

पण काकांच्या नाकाच्या भरवशावर यंत्र विकता येत नाही. आपल्या पोराला आपणच मार्क देऊन कसं चालेल? यंत्र करणाऱ्याचा नाही आणि घेणाऱ्याचाही नाही असा तिऱ्हाईत माणूस येणार, मोजणार, आणि त्यानं कागद दिला तरच बाकीचे कारखानदार धुरंधरला दारात उभं करणार. एका घनमीटर हवेत धूळ दहा मिलिग्रॅमच्या आत हवी. तीनदा मोजायचं आणि सरासरी काढायची. परीक्षा एवढीच.

"दहाच्या आत आला तर शेड तुमची," सासूबाईंनी लेकीसमक्ष शब्द दिला. "बाहेर गेला, तर पुढच्या सोमवारपासून शोरूम."

"निळा टाय आहे घरात," बायको म्हणाली. "इस्त्री करून ठेवते." ती कारखान्याच्या ऑर्डरी सांभाळत असे, आणि नवऱ्याच्या स्वप्नांनाही डिलिव्हरीची तारीख विचारत असे.

मोजमाप सोमवारी ठरलं. रविवारी कारखाना बंद होता, आणि धुरंधर दिवसभर घराचं दार लावून चौदा पानी फॉर्म भरत बसला.

सोमवारी सकाळी मोजणारी बाई आली. बरोबर एक शिडीवाला, तीन पेट्या आणि एक जाडजूड वही. अर्ध्या तासात सुतारांनी तिचं नाव नोंदबाई ठेवलं. कारण सासूबाई चहाचा ट्रे घेऊन सामोऱ्या गेल्या तेव्हा असं झालं:

"चहा घ्या, बाई."

"आमचा आहे." बाईंनी पिशवीतून थर्मास काढला.

"मग एखादं बिस्किट तरी."

"तेही आहे."

"निदान पाणी."

बाईंनी बाटली दाखवली. "ज्यांचं मोजायचं त्यांचं काही घ्यायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"बसायला तरी आमची खुर्ची चालेल, का तीही पेटीत आणलीय?"

"बसेन की. पण लिहून ठेवते." आणि बाईंनी खरंच लिहिलं. काकांनी मागून वाचलं आणि सगळ्यांना सांगितलं: खुर्ची, लाकडी, एक, तात्पुरती.

सासूबाई ट्रे घेऊन परत गेल्या. वाकडं तोंड आणि सहा कप चहा दोन्ही सांभाळून नेणं सोपं नव्हतं, पण त्यांनी नेलं. त्या आत होत्या तेवढ्यात नोंदबाईंनी धुरंधरला फॉर्ममधला शेवटचा प्रश्न विचारला.

"गेल्या आठ दिवसांत यंत्रात काही बदल, दुरुस्ती, साफसफाई?"

"काही नाही. आहे तसं आहे," धुरंधर म्हणाला आणि त्यानं झोकात सही केली. तशी सही त्यानं लग्नाच्या नोंदणीतसुद्धा केली नव्हती.

मग सगळे छपरावर गेले. शिडीवाल्यानं धुराड्याच्या भोकात लांब नळी घातली. नळीच्या टोकाला तळहाताएवढा पांढरा कागद, जो हवेतली धूळ अडवून ठेवणार. खाली चारही यंत्रं सुरू झाली आणि तासाचं घड्याळ लागलं.

धुरंधरनं छाती भरून श्वास घेतला. धुराड्यातून गुलाबाचा वास येत होता. नशीब उघडतं तेव्हा असाच वास येत असावा, असं त्याला वाटलं, आणि तो छपरावर एकटाच हसला. नोंदबाईंनी मात्र दोनदा हुंगून वहीत लिहिलं: वास, गुलाब.

तासाभरानं कागद बाहेर निघाला. चहात बुडवून काढलेल्या बिस्किटाच्या रंगाचा.

तो मोजायचा तराजू सासूबाईंच्या ऑफिसात मांडला होता. तराजू इतका नाजूक की शेजारी कोणी उसासा टाकला तरी आकडा हलायचा. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, आत नोंदबाई एकट्या आणि बाहेर काचेला नाकं लावून धुरंधर, बायको, काका आणि चार सुतार. बाईंनी तीनदा तोललं, गणित केलं आणि वही काचेला लावून दाखवली. एकोणीस पूर्णांक चार.

"हे चांगलं की वाईट?" काकांनी विचारलं.

"निळा टाय काढून ठेवते," बायको हळूच म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा टोचला नाही.

धुरंधर धावत डब्याकडे गेला. पंखा थांबवला, झाकण उघडलं आणि तिथेच उभा राहिला. सोळाच्या सोळा पिशव्या पांढऱ्याशुभ्र. सुरकुतीसुद्धा नाही. आतून गुलाबाची अशी झुळूक आली की एखाद्या नवरीचं कपाट उघडल्यासारखं वाटावं.

"दिसलं का?" मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लाजरं समाधान होतं. "मला वाटलं, तुमच्या लक्षातच येणार नाही."

"आई, हे तुम्ही..."

"पाहुणे येणार म्हटल्यावर आपण पडदे धुतो की नाही? काल सकाळी काढल्या. काय मळल्या होत्या. आठ महिने हात लावला नव्हता कोणी. तीन पाण्यांतून काढल्या, चौथ्यात ते गुलाबाचं सुगंधी औषध घातलं आणि गच्चीवर वाळत टाकल्या. शेजारीण विचारत होती, एवढे उंच पायजमे कोणाचे. म्हटलं, आमच्या जावयाच्या डब्याचे."

धुरंधरच्या मनात पहिल्यांदा आलं ते वाईट आलं. टाय घालायला लावण्यासाठीच हे केलं. पण त्याची नजर सासूबाईंच्या हातांकडे गेली. बोटं पाण्यानं पांढरी पडलेली, दोन बोटांना पट्ट्या. एका माणसाला न पेलणाऱ्या सोळा ओल्या पिशव्या त्यांनी एकटीनं पिळल्या होत्या. एवढे कष्ट सासूबाई शत्रूसाठी कधीच घेत नसत.

"आई," तो सावकाश म्हणाला, "धूळ कापड पकडत नाही. कापडाची वीण मोठी असते, भुकटी त्यातून आरामात निघून जाते. कापडावर हळूहळू भुकटीचाच थर बसतो, दुधावर साय धरते ना, तसा. तो थर पुढची भुकटी पकडतो. आठ महिन्यांची साय होती ती."

सासूबाई पिशव्यांकडे बघत राहिल्या. "आणि मी ती घासून काढली."

"दोन्ही बाजूंनी," काका म्हणाले.

"पण तू सही केलीस," बायकोला एकदम आठवलं. "साफसफाई काही नाही म्हणून."

आता खरा पेच पडला. गप्प बसावं, तर सरासरी दहाच्या वर जाणार आणि सांगायला कारणही नाही. बोलावं, तर लेखी जबाब खोटा ठरणार आणि बाई पेट्या भरून निघूनही जातील. धुरंधरनं दोन्ही बाजू तोलल्या. दोन्ही पारड्यांत टायच होता.

"म्हणजे माझ्यामुळे तुम्ही खोटे ठरलात," सासूबाई म्हणाल्या.

"तसं नाही, आई."

"तसंच आहे." त्यांनी पदर खोचला आणि तडक ऑफिसात गेल्या. धुरंधर मागोमाग धावला, कारण सही त्याची होती आणि निस्तरायचीही त्यानंच होती. दारात दोघं एकदमच घुसले आणि एकदमच बोलले.

"मी चुकीचं लिहून दिलं..."

"पिशव्या मी धुतल्या, यांना माहीत नव्हतं..."

नोंदबाईंनी पेनचं टोपण काढलं. "एकेकानं."

पुढची दहा मिनिटं सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा कबुलीजबाब दिला, आणि दिला तोही घरचं कार्य उरकून आल्यासारखा. बाई सगळं लिहीत होत्या.

"साबण कोणता? वडी की पावडर?"

"पावडर. दोन मापं. मळकट होत्या म्हणून आणखी एक."

"पाणी गरम?"

"कोमट."

"इस्त्री?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "केली. तसंच लावणं बरं दिसलं नसतं."

नोंदबाईंचा ओठ कोपऱ्यात किंचित हलला. तेवढं एकच त्यांनी लिहून ठेवलं नाही. त्यांनी धुरंधरचा आधीचा जबाब एका रेघेनं, वाचता येईल असा खोडला, नवा लिहिला आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

"आपणहून सांगितलंत, म्हणून मी थांबते," त्या म्हणाल्या. "पण पहिला आकडा पुसला जाणार नाही. मोजलं ते मोजलं. हवं तर इथंच सोडून द्या, मी अपूर्ण असं लिहून जाते. मग पुन्हा नंबर लागायला अकरा महिने. नाहीतर उरलेली दोन करू. एक वाजता आणि चार वाजता."

"मधल्या वेळात काम चालू ठेवलं तर?" धुरंधरनं विचारलं.

"कारखाना तुमचा आहे. नेहमीचं काम नेहमीसारखं करायला मी कोण मना करणार?"

"मागे भुकटीची पोती भरून पडलीत," बायको म्हणाली. "ती पाइपात ओतली तर?"

"ते नेहमीचं काम आहे?"

"नाही."

बाईंनी नुसतं बघितलं. बायकोनं पोत्यांचा विषय मिटवला आणि तळहातावर गणित मांडलं. तिन्ही मिळून तीसच्या आत हवं. एकोणीस पूर्णांक चार गेले. उरले दहा पूर्णांक सहा, दोन वेळांत मिळून.

"घासा," धुरंधर म्हणाला.

चार सुतार चार यंत्रांवर तुटून पडले. कच्ची दारं होती नऊ. ती पस्तीस मिनिटांत संपली. आणखी कच्चा माल शोधायला गेले तर नाही. पाहुण्यांना कारखाना टापटीप दिसावा म्हणून सासूबाईंनी शनिवारीच सगळा संपवून घेतला होता.

"घरातलं काय काय लाकडाचं आहे?" कोणीतरी विचारलं.

सासूबाई शोरूमकडे बघत होत्या. तिथं अकरा कपाटं उभी होती, आरशासारखी चकचकीत.

काकांना त्यांची नजर ओळखीची होती. ते दारात आडवे झाले. "त्यांना हात लावायचा नाही. पॉलिशचे चार चार हात दिलेत मी एकेकाला. एक हात वाळल्यावर दुसरा, असे चार."

"काका, घासणं आपलं रोजचं काम आहे की नाही?"

"कच्चं घासणं. हे पक्कं आहे. पक्कं कोण घासतं?"

सगळे नोंदबाईंकडे वळले. त्यांनी शांतपणे विचारलं, "जुनं पॉलिश काढून नवीन करायच्या ऑर्डरी येतात तुमच्याकडे?"

बायको वही घेऊन आली. आठ महिन्यांत अशा सात ऑर्डरी. बाईंनी सातही तपासल्या. "मग ते नेहमीचंच काम झालं."

बायकोनं उभ्या उभ्या आठवी ऑर्डर लिहिली. गिऱ्हाईक: आई. माल: जे दिसेल ते.

आणि मग जी धांदल उडाली ती विचारू नका. कपाटं एकामागून एक शोरूममधून निघाली, वरातीला निघाल्यासारखी. आत एक गृहस्थ त्यातल्याच एका कपाटाचं दार उघडून बघत होते, ते दार धरूनच कारखान्यात आले.

"अहो, मी हे बघत होतो."

"बघा की. चालता चालता बघा."

सासूबाईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि हातातलं छोटं यंत्र घेऊन स्वतः एका दारावर बसल्या. धुरंधर खण काढी, बायको मोजी, सुतार यंत्रं फिरवत. पांढरी भुकटी, तांबडी भुकटी, पॉलिशची भुकटी पाइपातून डब्याकडे सूं करत पळत होती. कपाटं झाली, मग शोरूममधल्या खुर्च्या. तेरा झाल्यावर सासूबाई ऑफिसच्या दारात आल्या.

"बाई, जरा उठता का?"

नोंदबाई उठल्या, वही उघडली आणि खुर्चीच्या नोंदीपुढे लिहिलं: मालकांनी परत घेतली. मग उभ्यानंच पुढचं लिहीत राहिल्या.

एक वाजता दुसरं मोजमाप. या वेळचा कागद फिक्कट निघाला, जेमतेम पिवळसर. काचेला नाकं लागली. आकडा आला सात पूर्णांक एक.

"उरले साडेतीन," बायको म्हणाली. "साडेतीनच्या वर जायचं नाही."

"जाणार नाही," धुरंधर म्हणाला, आणि बाहेर येऊन बघतो तर घासायला काही म्हणता काही उरलं नव्हतं. अकरा उघडीबोडकी कपाटं भिंतीला टेकून उभी, चौदा खुर्च्या हौदातून काढलेल्या कोंबड्यांसारख्या केविलवाण्या. अडीच वाजले होते. यंत्रं रिकामी फिरत होती आणि रिकाम्या यंत्रांनी पिशव्यांवर साय धरत नाही.

तेव्हा कोपऱ्यातून पाय ओढल्याचा आवाज आला. पॉलिशवाले काका एक मोठं टेबल ढकलत होते. वर चादर होती. त्यांनी ती काढली. आठ माणसांचं टेबल, नऊ हातांचं पॉलिश, असं की काका त्यात बघून दाढी करत असत. ते कोणाला विकायला काढलेलं नव्हतं. काकांनी ते नुसतं करून बघितलं होतं, जमतं का म्हणून, आणि जमलं होतं.

"काका, हे नको," धुरंधर म्हणाला.

"नको काय? आकडा साडेतीनच्या वर जायला नको." काकांनी सुताराच्या हातातलं यंत्र काढून घेतलं. "पण मी घासणार. परक्याचा हात नको."

दीड तास ते घासत होते. मधे सासूबाई एकदा येऊन त्यांच्या कपाळाचा घाम पुसून गेल्या, जे त्यांनी जावयासाठीही कधी केलं नव्हतं.

चार वाजता तिसरं मोजमाप. पाच वाजता कागद आला तो असा, की शिडीवाल्यानं आधी नवा कागदच चुकून दिला की काय म्हणून पेटी तपासली. नोंदबाई आत गेल्या. दार लागलं. बाहेर नऊ माणसं काचेवर, कारण दार धरून आलेले गृहस्थही अजून गेले नव्हते. एकदा तोललं. दोनदा तोललं. बायकोनं धुरंधरचा हात धरला, तोही चारचौघांत, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. तिसऱ्यांदा तोलून बाईंनी वही काचेला लावली.

तीन पूर्णांक दोन.

"एकोणतीस सात," बायको पुटपुटली. "भागिले तीन." आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. ती भिंतीला धरून हसली, सुतारांना धरून हसली, त्या अनोळखी गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवून हसली. "नऊ पूर्णांक नऊ. नऊ पूर्णांक नऊ, आई."

सासूबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला, भुकटी झटकली आणि सगळ्यांदेखत, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "जावईबापू, तुमचं यंत्र चांगलं आहे." मग कमरेची शेडची किल्ली काढून दिली. मग नोंदबाईंकडे वळल्या. "झालं ना आता तुमचं मोजून? आता तरी चहा."

"अहवाल लिहून होईपर्यंत नाही," बाई म्हणाल्या. पण जाताना त्यांनी सासूबाईंच्या बोटांवरच्या पट्ट्यांकडे बघून एवढंच विचारलं, "दुखतंय का?" आणि उत्तर मात्र लिहून घेतलं नाही.

महिन्याभरानं अहवाल आला. तिसऱ्या पानावर चौकटीत छापलं होतं की या यंत्राच्या पिशव्या धुवू नयेत. धुतल्यास काय होतं ते पहिल्या मोजमापात पाहावं. खाली गुलाबासकट सगळी हकीकत. सासूबाईंनी ते पान येईल त्याला दाखवलं, आणि दर वेळी इस्त्रीची ओळ अंगठ्याखाली झाकली.

आता हिशेब. धुरंधरला शेड मिळाली आणि पहिल्या दोन ऑर्डरीही. बायकोनं निळा टाय शेडची किल्ली खिळ्याला अडकवायला दिला. सासूबाईंना छापील प्रसिद्धी मिळाली. त्या गृहस्थांनी आपलं कपाट तस्संच, बिनपॉलिशचं मागितलं, पण काकांनी देऊ दिलं नाही. अकरा कपाटं, चौदा खुर्च्या, प्रत्येकी चार हात. टेबल एक, नऊ हात. एक वाळल्यावर दुसरा. एकूण एकशे नऊ हात पॉलिश भरलं ते काकांनी, सुजलेल्या मनगटानं, सात आठवडे. आणि या सगळ्यात मिळायचं काहीच नव्हतं असा माणूस तेवढा एकच होता.